धुण्याचा सोडा आणि निळी साडी

आमच्या घरात आईचा फोटो नाही. म्हणजे आहे, पण तो रेल्वेच्या दवाखान्याच्या कार्डावरचा, मी दुसरीत असतानाचा. पुढे बरीच वर्षं आमच्या घरात जेवढे म्हणून फोटो निघाले ते सगळे आईनेच काढले. वाढदिवस असो, जयंती असो, अकोल्याहून मामा आलेला असो, मोबाइल आईच्या हातात. "सरका वं जवळ जवळ," हा आवाज तिचा, आणि फोटोत मी, बाबा, मामा आणि केक. मी फोटोग्राफी शिकायला आर्ट कॉलेजात जाते म्हटल्यावर बाबा म्हणाले, "त्याच्यासाठी कॉलेज कायले? तुह्या मायनं घरीच शिकवलं असतं."

मी सातवीत असताना आईच्या उजव्या हाताच्या बोटांवर पांढरे डाग उठले. मग मनगटावर, मग ओठांच्या कडेला, मग डाव्या पापणीवर. कोड. ते दुखत नाही, खाजत नाही आणि कुणाला लागतही नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण डॉक्टर जयपूरला आणि नातेवाईक अकोल्याला. मामाच्या मुलीच्या हळदीला आई नवरीची आत्या म्हणून वाटी घेऊन उभी राहिली, तेव्हा कुणीतरी ती वाटी हळूच तिच्या हातून काढून घेतली. "तुम्ही बसा ना बाई, प्रवासानं थकल्या असान." मग पोळ्यांच्या परातीवरूनही तिला असंच गोड बोलून उठवलं. वाईट कुणीच बोललं नाही. बोललं असतं तर मी भांडले तरी असते. भांडायला मला निमित्त लागत नाही, पण इथे माणूसच सापडेना.

त्यानंतर आई कुठल्याच लग्नाला गेली नाही.

बाबा सिग्नल खात्यात. मी लहान असतानाच बदली होऊन जयपूरला आले आणि आम्ही खातीपुऱ्याजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहू लागलो, ते आजतागायत. हे शहर आईला मानवलं, आणि का मानवलं ते मला फार उशिरा कळलं. इथे कॉलनीतल्या कितीतरी बायका चारचौघांत तोंडावर पदर ओढतात. स्कूटीवरच्या पोरी उन्हासाठी डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळतात आणि कोपरापर्यंत सुती हातमोजे घालतात. आईने दोन्ही उचललं. हातमोजे घालून ती भाजी निवडून घ्यायची, भाजीवाल्याशी भावावरून वाद घालायची, पोस्टात जायची. "इथं तोंड झाकलं तर काहून झाकलं म्हणून कोणी विचारत नाही," असं एकदा ती बाबांना म्हणाली. मी आतल्या खोलीत होते. 

शेजारच्या काकी मात्र विचारायच्या. त्यांना आईची मनापासून काळजी होती. दर वर्षी होळी झाली की म्हणायच्या, "दीदी, चाकसू चलो, शीतला माता के मेले में. ठंडा चढ़ाओ, सब ठीक हो जाएगा." आमच्या घरी देवदेव नाही, तथागतांची मूर्ती आणि वंदना एवढंच. बाबा हसून नाही म्हणायचे. आई म्हणायची, "मेळा पाहाले तर जाऊ." गेली कधीच नाही. शीतलेच्या सणाला काकी आदल्या दिवशी करून ठेवलेलं थंडं जेवण पाठवायच्या, ते मात्र ती आवडीने खायची.

यंदा बाबा निवृत्त होणार होते. मग क्वार्टर सोडायचं आणि अकोल्याला घर करायचं असं ठरलेलं. आईने आधीच जाहीर करून टाकलं होतं, "तिथं मी कोणाच्या दारात जाणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो. मंग म्हणू नोका." आमच्याकडे बायकाही 'सांगतो', 'जातो' असंच बोलतात, आणि आईने एकदा 'सांगतो' म्हटलं की विषय संपतो. मला दिसत होतं ते असं: अकोल्याचं घर, बंद दार, आणि दाराआड आई. त्याआधी मला तिचा एक फोटो हवा होता. एकच.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक छोटी फिल्म करायची होती, गोष्ट न सांगणारी. बाबांनी विचारलं, "स्टोरी काय हाय?" मी म्हटलं, "स्टोरी नाही." "हीरो?" "नाही." "मंग तिकीट कोण काढन?" मी चिडले, आणि चिडले की मी काम भराभर करते. आठवडाभर क्वार्टरची गच्ची शूट केली. टाकीची सावली, तारेवर अडकलेला संक्रांतीचा पतंग, वाळत घातलेले बाबांचे खाकी शर्ट. कॉलेजातल्या मॅडमनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "घर तो दिख रहा है. घरवाले कहाँ हैं?"

घरवाले होते ना. नीट पाहिलं तर चौकटीच्या कडेला पदराचं टोक निसटताना दिसत होतं. बांगड्या वाजत होत्या. एका शॉटमध्ये दार नुसतंच हललं होतं. माझ्या कॅमेऱ्याची चौकट कुठे संपते हे माझ्यापेक्षा आईला जास्त कळत होतं, आणि ती दर वेळी तिच्या एक बोट बाहेर उभी होती.

त्याच सुमारास कॉलेजात आम्ही कॅमेऱ्याशिवाय फोटो काढायला शिकलो. दोन क्षार पाण्यात कालवायचे, ते मिश्रण अंधारात सुती कापडाला लावायचं आणि वाळवायचं. मग त्यावर काहीतरी ठेवून कापड उन्हात धरायचं. ऊन लागलं तिथे कापड रंग धरतं, सावली राहिली तिथे धरत नाही. शेवटी साध्या पाण्यात खळबळून काढलं की बाकीचं सगळं गर्द निळं होतं आणि सावलीची जागा पांढरी राहते. मी घरचं बाथरूम काबीज केलं, खिडकीला बाबांचं जुनं ब्लँकेट ठोकलं. बाबा आंघोळीसाठी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभे, आणि मी आतून ओरडतेय, "उघडू नका! कापड खराब होईल!"

आईच्या कुरडया गच्चीवर वाळत होत्या. जयपुरात राहूनही उन्हाळ्याचं वाळवण तिने कधी सोडलं नाही. गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यात किती वाजेपर्यंत ऊन असतं हे तिला पाठ होतं. मी त्यातल्या चार उचलल्या आणि कापडावर ठेवल्या. धुतल्यावर निळ्यावर पांढरी जाळी उमटली, सुंदर. आई हसत सुटली. "कुरडयीचा फोटो! बाप्पा! आता पापडाचा बी काढ, नाही तर रुसून बसन."

मग मी कुरडया, पळी, चाळणी, कढीपत्ता असं करत पिशवीभर तुकडे केले. आई प्रत्येक तुकडा उलटासुलटा करून बघायची. एके दिवशी चाळणीचा तुकडा हातात धरून तिने विचारलं, "मतलब याच्यात वस्तूचा रंग येतच नाही?"

"नाही. फक्त आकार."

"काळी असो का गोरी."

"सगळं पांढरंच येतं."

तिने तुकडा खाली ठेवला. कुरडया उलट्या करायला निघून गेली. मी तोंड मिटून बसले. मला जमत नाही ते, पण बसले. दोन दिवसांनी तिने कपाटातून एक साडी काढून माझ्यापुढे टाकली. वंदनेला नेसायची पांढरी सुती साडी, काठाला विरलेली. "हे घे. माणूस मावते याच्यावर." मग दाराकडे पाहत म्हणाली, "तोंड कापडाकडे केलं तर चालते ना?"

"चालते."

"आणि रंग दुसरा नाही होत? निळाच?"

"निळाच."

"होऊ दे मंग. आपलाच रंग हाय."

साडीला मिश्रण लावायला मला अख्खी दुपार लागली आणि बाबांची आंघोळ संध्याकाळवर गेली. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही दोघींनी साडीची घडी उलगडून गच्चीवर पसरली. शेजारच्या गच्चीवर कुणी नाही हे आईने आधीच दोनदा पाहून ठेवलं होतं. मग ती कुशीवर आडवी झाली, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात डोक्याखाली, दुपारी जेवल्यावर लवंडते तशी. हातमोजे काढून उशाशी ठेवलेले. चेहरा कापडात खुपसलेला. मी बाजूला छत्री घेऊन नुसती उभी, कारण छत्री धरली असती तर फोटोच बिघडला असता. आई कापडातूनच म्हणाली, "कुरडयीसारखी वाळून राह्यलो मी. झालं का?"

"हलू नको."

"तू बोलू नोको."

खाली उतरून टबात साडी बुडवली आणि पाणी हलवत राहिले. हळूहळू निळं चढत गेलं आणि मधोमध आई उमटली. पांढरी, कडेला थोडी पुसट, गुडघे मुडपलेले, केसांच्या बुचड्याचा उंचवटा. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. "याच्यात तर मी सगळीच पांढरी झालो," ती म्हणाली. हसत म्हणाली. मला मात्र रडू आलं आणि मी क्षार डोळ्यांत गेला असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगायला मी कॉलेजात पळाले. साडी गच्चीवर दोरीवर होती. परत आले तेव्हा आई गच्चीवर टबाशी बसलेली होती, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि साडी तिच्या मांडीवर ओली. निळ्या रंगावर जागोजाग पांढरे-पिवळट डाग पडले होते. लहान, मोठे, वेड्यावाकड्या कडांचे, एकमेकांत मिसळत गेलेले. काठाकडून सुरू होऊन पार आकृतीपर्यंत आले होते.

झालं असं होतं की काठाला थोडा पिवळा क्षार राहून गेला होता. आईला वाटलं पोरीने नीट धुतलं नाही. माझ्या धुण्यावर तिचा कधीच विश्वास नव्हता. तिने साडी ओली केली, चहाचा डाग काढताना करते तसा मूठभर धुण्याचा सोडा वरून भुरभुरला आणि घासायला बसली. जिथे जिथे सोडा पडला तिथे तिथे निळा उडाला.

"काय केलंस हे?" मी ओरडले. "विचारायचं तरी!"

आईने वर पाहिलं नाही. ती साडीवरच्या एका डागाशेजारी आपला हात ठेवून बघत होती. डागाच्या कडा आणि बोटांवरच्या कडा.

"याले बी झालं वं," ती म्हणाली. "माह्या हातानं झालं."

 इतकी वर्षं डॉक्टरांचं, बाबांचं, माझं ऐकून ती मान हलवत आली होती. आणि आत मात्र ती परातीवरून उठवणाऱ्या बायकांचं खरं मानून बसली होती. आपल्या हातात काहीतरी आहे, जे लागतं. मला त्या सगळ्या गोड बोलणाऱ्या बायकांचा असा राग आला की अकोल्याला जाऊन एकेकीला विचारावं. पण अकोला लांब होतं आणि आई समोर होती.

मी पिशवी आणली, कुरडयांचा एक तुकडा भिजवून तिच्यापुढे पसरला. "तू हात लावू नको. नुसती बघ." चिमूटभर सोडा मी वरून टाकला. दाण्याभोवती निळा फिका झाला, मग पिवळट, मग पांढरा. आई वाकली. "परत टाक." मी परत टाकला. "आता बिनासोड्याचा दे." मी चाळणीचा तुकडा दिला. तिने तो पाण्यात बुडवला आणि दोन्ही हातांनी चोळला, चुरगळला, पिळला, डाग असलेली बोटं त्यावर दाबून धरली. निळा होता तसा राहिला. तिने तो उन्हाकडे धरून पाहिला, पुन्हा बुडवला, पुन्हा चोळला.

"सोड्यानं होते," ती म्हणाली.

"सोड्यानंच होते."

"हातानं नाही."

"नाही आई."

मग ती सुटली. पळी, कढीपत्ता, कुरडया, एकेक तुकडा हाताने चोळून बघायचा, काही होत नाही म्हटल्यावर वरून सोडा भुरभुरायचा आणि डाग फुलताना बघत बसायचं. माझं महिन्याभराचं काम तिने तासाभरात पांढरं केलं. मी अडवलं नाही. चवथ्या-पाचव्या तुकड्याला ती गाणं गुणगुणत होती, आणि तेव्हा मला कळलं की माझी फिल्म समोर बसलेली आहे.

"आई, हे परत करशील? मी शूट करतो."

तिचे हात थांबले. "तोंड नाही."

"नाही. फक्त टब, कापड आणि हात."

तिने ओले हात पदराला पुसले.  "काम करतानी काढशीन तर काढ," ती म्हणाली. "हात असे समोर धरून मी बसणार नाही."

दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये काठी बांधून मी कॅमेरा वरून खाली लावला. नवे तुकडे केले. आईने तीन दिवस रोज थोडं काम केलं, आणि तिसऱ्या दिवशी तर मलाच शिकवू लागली. "सोडा वरून पडतानी दिसला पायजे ना? मंग असा टाकतो." फिल्म पाच मिनिटांचीही झाली नाही. निळं कापड, आईचे हात, पाणी, आणि डाग. कुठला डाग कापडावरचा आणि कुठला बोटांवरचा हे मधूनमधून कळत नाही. शेवटी ती डागाळलेली साडीच येते, दोन हातांनी झटकलेली.

कॉलेजच्या प्रदर्शनाला आई येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, आणि आई पदर ओढून, कोपरापर्यंत हातमोजे घालून. हॉलमध्ये कूलर चालू होते तरी तिने ते काढले नाहीत. साडी भिंतीवर टांगली होती आणि तिच्याशेजारी पडद्यावर फिल्म, संपली की आपोआप पुन्हा सुरू होणारी. आई बाकावर टोकाला बसली आणि बघू लागली. एकदा पाहून झाली, दुसऱ्यांदा सुरू झाली, ती उठेना. बाबा बाकीच्या पोरांची चित्रं बघत होते आणि प्रत्येकासमोर मला खुणेने विचारत होते, हे काय हाय?

वर्गातल्या एका मुलीची आई येऊन आईशेजारी बसली. आदर्श नगरला राहणाऱ्या, हसऱ्या, छान कोटा साडी नेसलेल्या बाई. त्यांनी फिल्म मन लावून पाहिली आणि कौतुकाने आईलाच म्हणाल्या, "हाथों पे पेंट कितनी सफ़ाई से किया है बच्चों ने. बिल्कुल असली लगता है."

मी चार पावलांवर होते. काहीतरी बोलून सावरून घ्यावं म्हणून पुढे झाले. बाबांनी माझं मनगट धरलं.

 आईने उजव्या हाताचा मोजा बोटाबोटाने सैल केला, ओढून काढला आणि मांडीवर ठेवला. "पेंट नहीं है जी," ती म्हणाली. "सफेद दाग हैं. मेरे हाथ हैं." आणि हात त्या बाईंच्या समोर धरला, अगदी सरळ, जसा धरणार नाही म्हणून तिने मला बजावलं होतं.

बाई गोंधळल्या. पडद्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. मग त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बांगड्या वर सारून मनगटापर्यंत नीट पाहिला. "आपने किया है यह सब?"

"और कौन करेगा," आई म्हणाली. "इसको तो कपड़ा धोना भी नहीं आता." तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. पदर मागे सरकला होता आणि तिचं लक्ष नव्हतं, कारण फिल्म पुन्हा सुरू झाली होती.

"अब देखो," आई त्या बाईंना म्हणाली, "अब मैं सोडा डालूँगी."

तिचा हात अजून त्यांच्याच हातात होता.